सह्याद्रीचं तोंड कुठे आहे?

पाबेघाट

गेल्या रविवारी भाचीला घेऊन राजगडावर गेलो होतो. अकरा वर्षांची आहे, सहावीत. संजीवनी माचीवर डबा खाताना समोर तोरणा अगदी स्वच्छ दिसत होता. त्याच्या अंगावरच्या आडव्या पट्ट्या तिच्या लक्षात आल्या. एक उभा कडा, मग गवताचा उतार, परत कडा, परत गवत. म्हणाली, "मामा, पुस्तकात लिहिलंय की हे सगळं ज्वालामुखीतून आलं. मग त्याचं तोंड कुठे आहे?"

मी इतकी वर्षं या डोंगरांत फिरतोय, पण मला उत्तर देता आलं नाही. शंकूसारखा, माथ्यावर भोक असलेला एकही डोंगर आपल्याकडे मी पाहिलेला नाही. घरी आल्यावर तिने दुसरा प्रश्न काढला. हवाईच्या एका व्हिडिओत लोक वाहत्या लाव्हापासून थोड्याच अंतरावर उभे राहून फोटो काढत होते. आणि पॉम्पेईत कितीतरी माणसं जागच्या जागी मेली. "दोन्ही ज्वालामुखीच ना? मग एक असा आणि एक तसा का?"

एका मित्राने सांगितलं की लोणार हे आपलं तोंड. ते खरं आहे का? कृपया दुवे देऊ नका, ते मीही शोधू शकतो. मला तिला समोर बसवून सांगता येईल असं काहीतरी हवंय.

मेहकरकर

लोणारपुरतं मी सांगतो, माझं गाव तिथून जवळ आहे. लोणार हे ज्वालामुखीचं तोंड नाही. बाहेरून आलेला अशनी आदळून ते विवर झालं, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं. गंमत अशी की तो आदळला तो दख्खनच्या लाव्हाच्या खडकावरच, म्हणून घोटाळा होतो. पण तो लाव्हा तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून पडलेला होता. धक्क्याने खनिजाची काच झालेली तिथे सापडते. ज्वालामुखीत इतका दाब एका क्षणात येत नाही. बाकीचं जाणकार सांगतील.

जुनी विहीर

पाबेघाट, तुमच्या भाचीने बरोबर जागी बोट ठेवलंय. तिला अडवतंय ते पुस्तकातलं शंकूचं चित्र. मला ते चित्र फार वर्षांपासून खटकतं, कारण महाराष्ट्रातल्या मुलाला स्वतःच्या पायाखालचा ज्वालामुखी त्यात कधीच सापडत नाही.

मी भूजलाच्या कामात ३१ वर्षं काढली. नगर, बीड, पुणे जिल्ह्यांत विहिरींच्या जागा बघणं हे काम. १९८६ च्या दुष्काळात पारनेरकडे एका ३५ फुटी विहिरीत उतरले होते. खोदकाम करणाऱ्या वयस्कर मिस्त्रींनी मला भिंतीला हात लावून ती वाचायला शिकवलं. वर मुरूम, त्याखाली भोकाभोकांचा मांजऱ्या, मग टिकाव परत फेकणारा काळा पाषाण, त्याखाली वीतभर तांबडा गेरू, आणि गेरूखाली पुन्हा मांजऱ्या. "बाई, इथून दुसरं घर सुरू झालं," असं ते म्हणाले होते. मी कॉलेजात जे शिकले होते ते मला त्या दिवशी समजलं.

ते दुसरं घर म्हणजे आधीचा लाव्हा. एक लोंढा आला, पसरला, थिजला. मध्ये बराच काळ गेला, त्याच्या माथ्याची ऊन-पावसात तांबडी माती झाली. मग त्यावर दुसरा लोंढा आला. तोरण्याच्या अंगावर तुम्हाला दिसल्या त्या पट्ट्या याच. लोंढ्याचा मधला भाग घट्ट, तो कडा होऊन उभा राहतो. माथ्याचा भाग भोकांचा आणि ठिसूळ, तो झिजून गवताचा उतार होतो. मधला काळ किती मोठा असू शकतो याची खूण मुंबईत वरळीच्या टेकडीत सापडली. लाव्हाच्या थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म मिळाले. म्हणजे तिथे पाणी साठलं, बेडूक नांदले, पिढ्या गेल्या, आणि मग वर पुन्हा लाव्हा आला.

आता तोंड. तिला सांगा, सह्याद्रीला एक तोंड नव्हतंच, जमीन लांबच लांब उलली होती. वैशाखात काळी रानं भेगाळतात तशा भेगा, फक्त कित्येक किलोमीटर लांबीच्या, आणि त्यांतून वितळलेल्या खडकाचा रस वर आला. शेवटचा रस भेगेतच थिजला. आजूबाजूचा खडक झिजला की तो भिंतीसारखा उघडा पडतो. धुळे-नंदुरबारकडे एसटीने गेलात तर रानातून सरळ रेषेत धावणाऱ्या काळ्या दगडांच्या लांब टेकड्या दिसतील. त्या अशाच भरलेल्या भेगा आहेत. भाचीला तोंड बघायचं असेल तर ते तिकडे आहे, मिटलेलं.

हे घडलं साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतबाहेर ओतला गेला. झिजून उरलेला भाग आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. घाटमाथ्याकडे या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या पुढे जाते, पूर्वेला नागपूरकडे ती पातळ होत जाते. महाबळेश्वरच्या थरांशी रासायनिक नातं जुळणारा लाव्हा थेट आंध्रात राजमहेंद्रीजवळ मिळतो. एवढं अंतर वाहत जायला रस किती पातळ असला पाहिजे, याचा विचार करा. तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या पातळपणातच आहे.

त्यासाठी तिला स्वयंपाकघरात न्या आणि पिठलं करायला घ्या. (खरंच करा.) सुरुवातीला पिठलं पातळ असतं, तेव्हा तळाची वाफ सहज वर येते, बुडबुडे शांतपणे फुटतात, शेजारी उभं राहता येतं. तेच आटून घट्ट झालं की वाफेला वाट मिळत नाही. ती खाली कोंडते आणि मग फट्‌कन उडून हाताला चटका देते. आच तीच, भांडं तेच, वाफही तीच. दाटपणा बदलला.

खडकाच्या रसात वाफेची जागा घेतात त्यात विरघळलेले वायू, मुख्यतः पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. खोलवर दाब असतो तोवर ते विरघळून राहतात. रस वर येतो, दाब कमी होतो, बुडबुडे सुटतात आणि फुगत जातात. रस पातळ असेल तर ते निसटतात. दाट असेल तर निसटत नाहीत, आत दाब वाढत जातो, आणि शेवटी रसाचाच भुगा होऊन उडतो. ज्वालामुखीची राख म्हणतात ती हीच. जळून उरलेली राख नाही ती, फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंतींचा काचेचा चुरा आहे.

दाटपणा ठरवते मुख्यतः सिलिका, म्हणजे वाळूतला जो पदार्थ तोच. तिचे कण रसात एकमेकांना धरून जाळं करतात. आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात, ती ५० टक्क्यांच्या आसपास, आणि रस ११०० ते १२०० अंशांचा, म्हणून तो वाहतो. हवाईचाही तसाच. रायोलाइट नावाच्या रसात सिलिका ७० टक्क्यांच्या वर आणि तापमान बरंच कमी, साधारण ७५० ते ८५० अंश. तो वाहतच नाही म्हणा, रेटला जातो.

हात दुखायला लागला, उरलेलं उद्या लिहिते. रस मुळात तयार कसा होतो ते राहिलंय, आणि तिथेच बहुतेकांची गल्लत होते.

सोलोकर

ताई, पिठल्याचं वाचून मला मेरापी आठवला. मी मूळचा इचलकरंजीचा. इंडोनेशियात सोलो शहरात कापड गिरणीत सात वर्षं होतो. २०१० साली मेरापीचा उद्रेक झाला तेव्हा तिथेच होतो.

आमच्या गिरणीच्या गच्चीवरून पश्चिमेला मेरापी दिसायचा. अगदी भाचीच्या पुस्तकातला शंकू, माथ्यावर धुराची शेंडी. २६ ऑक्टोबरला पहिला उद्रेक झाला आणि ५ नोव्हेंबरला सर्वांत मोठा. साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. लाव्हा कुणालाच लागला नव्हता. तिथे ज्याची भीती, त्याला जावानी लोक "वेदुस गेंबेल" म्हणतात, म्हणजे कुरळ्या लोकरीचं मेंढरू. दुरून तसंच दिसतं, करड्या ढगांचे गोळे उतारावरून लोळत खाली येतात. पण तो ढग नसतो, कित्येकशे अंश तापलेला वायू, राख आणि दगडांचा लोट असतो, आणि गाडीपेक्षा जोरात धावतो. त्यातून पळता येत नाही. आधीच निघून जावं लागतं.

राख आमच्याकडे कमी पडली, वाऱ्याने पश्चिमेला गेली. दोन आठवड्यांनी कामानिमित्त मागेलांगला गेलो तेव्हा बोरोबुदूरचा स्तूप राखेने माखलेला होता, माणसं ती झाडत होती. चिमूटभर राख मी बोटांत चोळली. चुलीच्या राखेसारखी मऊ नव्हती, करकरत होती. ताईंनी काच म्हटलं ते बोटांना कळलं होतं. ओली झाली की घराच्या छपरावर इतकी जड बसायची की पत्रे वाकायचे.

आणि उद्रेक थांबल्यावरही संपत नाही. पुढच्या जानेवारीत पावसाने ती राख नदीतून चिखल होऊन आली. काली पुतिह नदीच्या चिखलाने आणि धोंड्यांनी मागेलांग-योग्यकर्ता रस्ता अडवला. डोंगर शांत होता तेव्हा.

मला ताईंना विचारायचंय, तिथले इंजिनिअर सांगायचे की मेरापीच्या रसात सिलिका काही फार नाही. मग तो इतका घातक का?

पाबेघाट

काल रात्री पिठलं केलं. भाचीने झाकण उघडं ठेवायला लावलं आणि "आता रायोलाइट झालं" असं ओरडली. सोलोकर, तुमचं तिला वाचून दाखवलं. मेंढराचं नाव ऐकून ती एकदम गप्प झाली.

ताई, पुढचं लिहाल तेव्हा एवढंही सांगा: हे परत होईल का? घाटात गरम पाण्याचे झरे आहेत, कोयनेला भूकंप होतो.

जुनी विहीर

सोलोकर, तुमच्यासारखं लिहिणारा माणूस मिळाला तर पुस्तकांची गरज नाही. तुमच्या प्रश्नापासूनच सुरू करते.

तुमचे इंजिनिअर बरोबर होते. मेरापीचा रस बेसॉल्टच्या थोडाच पलीकडचा आहे. पण तो हळू वर येतो आणि येता येता त्याची वाफ निसटत जाते. पाणी गेलं की रसात स्फटिक धरायला लागतात, आणि तो भरड, घट्ट होतो. आटलेलं पिठलं ते हेच. तो माथ्यावर बुचासारखा साचतो. बूच ढासळलं की तुमचं मेंढरू सुटतं. २०१० साली मात्र खालून ताजा, वायूंनी भरलेला रस जोरात आला होता, म्हणून नेहमीपेक्षा मोठं झालं. तेव्हा एकट्या सिलिकेवर कुठल्याही डोंगराचा स्वभाव सांगू नये. वायू किती, रस किती वेगाने वर आला, वाटेत वायू निसटायला जागा होती का, हे सगळं बघावं लागतं.

आता रस होतो कसा. बहुतेकांना वाटतं की जमिनीखाली सगळीकडे लाव्हाचा समुद्र आहे आणि कुठे भोक पडलं की तो वर येतो. तसं नाही. कवचाखालचा प्रावरणाचा खडक तापलेला आहे, पण घन आहे. वरच्या दाबामुळे तो वितळत नाही. कुकरमध्ये पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळून संपत नाही, दाब असतो म्हणून. दाब एकदम सुटला की तेच पाणी आच न वाढवता भसकन वाफ होतं. तापलेला खडक खालून हळूहळू वर सरकला की त्याच्यावरचा दाब सुटतो आणि तो वितळायला लागतो. नवीन उष्णता लागत नाही. हवाई असं, आणि आपलं दख्खन असं. हा रस पातळ निघतो, आणि त्यात पाणी कमी असतं.

जावा बेटाची, म्हणजे मेरापीची, गोष्ट वेगळी. तिथे समुद्राचा तळ दुसऱ्या भूपट्टाखाली सरकतोय. समुद्रतळाच्या खडकात पाणी मुरलेलं असतं. तो सुमारे १०० किलोमीटर खोल गेला की ते पाणी बाहेर पडून वरच्या तापलेल्या खडकात शिरतं, आणि खडक एरवी वितळला नसता अशा तापमानाला वितळतो. उन्हाळ्यात आपण लाकडी पॉटमध्ये आइस्क्रीम फिरवायचो तेव्हा बर्फात खडेमीठ टाकायचो. मिठाने बर्फ शून्याच्या खालीही वितळतो. बर्फाला मीठ तसं खडकाला पाणी. पण मग ते पाणी रसातच राहतं, आणि वर आल्यावर स्फोटाचा दारूगोळा तेच होतं. असा रस वर कवचात अडकून राहतो, लोह-मॅग्नेशियमची खनिजं आधी थिजून बाजूला पडतात, उरलेल्या रसात सिलिका वाढत जाते. पाणीही जास्त, दाटपणाही जास्त. प्रशांत महासागराच्या कडेने ज्वालामुखी इतके घातक का, ते यात आलं.

अंदमानचं बॅरन बेट जावाच्याच पट्ट्यात आहे, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. बराच काळ झोपून १९९१ साली तो उठला आणि तेव्हापासून अधूनमधून राख उडवतो. रस बेसॉल्टच्याच जातीचा, आपल्यासारखा, पण पाणी मुरलेला. म्हणून तो राख उडवतो. आणि तिथे एका तोंडाभोवती शंकू झाला, आपल्याकडे लांब भेगांतून रस पसरून पठार झालं.

बाहेरचं पाणीही डाव बदलतं. आइसलंडमध्ये २०१० साली एयाफ्यात्लायोक्युत्ल नावाचा ज्वालामुखी हिमनदीखालून फुटला, वितळलेलं पाणी आणि रस एकत्र आल्याने राख बारीक आणि खूप झाली, आणि युरोपातली विमानं दिवसेंदिवस बंद राहिली. आणि कधी नुसतं झाकण उडाल्याने होतं. अमेरिकेतल्या सेंट हेलेन्सच्या उत्तर अंगाला दोन महिने फुगवटा येत होता. १८ मे १९८० ला भूकंपाने तो अख्खा उतार घसरला, आतल्या रसावरचा दाब क्षणात गेला, आणि स्फोट वर न होता आडवा झाला. ५७ माणसं गेली.

यावरून भाचीला वाटेल की हवाईचा गरीब आणि जावाचा दुष्ट. इथे मला तिला थांबवायचंय. हवाईच्या किलाउएयाने २०१८ साली सुमारे ७०० घरं गिळली. माणसं वाचली, कारण लाव्हापासून चालत दूर जाता येतं, घर मात्र हलवता येत नाही. आणि आइसलंडचं लाकी तर आपल्या दख्खनचं लहान भावंड. १७८३ साली तिथे जमीन २७ किलोमीटर उलली आणि आठ महिने पातळ बेसॉल्ट वाहत होता. मोठा स्फोट नाही. पण त्यासोबत निघालेल्या गंधक आणि फ्लोरिनच्या वायूंनी गवत विषारी झालं, गुरं मेली, आणि दुष्काळात त्या देशाची सुमारे पाचवा हिस्सा माणसं गेली. दख्खनचा एकेक लोंढा लाकीपेक्षा कितीतरी मोठा होता. शांत वाहणाऱ्या लाव्हाला मी कधीच सौम्य म्हणत नाही.

परत होईल का? आपल्याकडे नाही. खोलून वर येणाऱ्या तापलेल्या खडकाच्या ज्या उमाळ्याने दख्खन ओतलं तो जिथे होता तिथेच राहिला, भारत उत्तरेला सरकत निघून आला. लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस या वाटेवरच्या खुणा आहेत. उमाळा आज रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वारंवार वाहतो. तिथल्या ताज्या काळ्या दगडाचा फोटो बघाल तर पुण्याच्या एखाद्या खाणीतला वाटेल. वज्रेश्वरीचं, उन्हवऱ्याचं पाणी लाव्हाने तापत नाही. पावसाचं पाणी खोल भेगांत उतरतं, खोलीची ऊब घेऊन वर येतं. १९६७ चा कोयनेचा भूकंपही ज्वालामुखीचा नव्हता.

सोलोकर

"चालत दूर जाता येतं." एवढं एक वाक्य आमच्या गिरणीतल्या पोरांना कधीच खरं वाटलं नसतं. मेरापीखाली वाढलेली पोरं ती.

पाबेघाट

ताई, एक शेवटचं. भाचीने राजगडाच्या पायथ्याहून एक दगड आणला होता, आज दप्तरातून निघाला. काळा, त्यात वाटाण्याएवढी भोकं, काही भोकांत पांढरं, चमकणारं काहीतरी भरलंय. तिला वाटतं कुणीतरी चुना भरलाय.

जुनी विहीर

तो मांजऱ्या आहे. ती भोकं म्हणजे त्या रसातले बुडबुडेच, फुटायच्या आत रस थिजला म्हणून अडकले. नंतर खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्यांत खनिज भरलं, बहुतेक झिओलाइट. नखाने ओरखडून बघा, चुन्यासारखं पावडर होऊन येणार नाही. पुणे-नाशिककडची ही खनिजं जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेली आहेत, तेव्हा दगड नीट ठेवा.

आणि पुढच्या खेपेला घाटात रस्ता कापलेला असेल तिथे गाडी सुरक्षित जागी लावून गेरूची तांबडी पट्टी शोधा. तिच्या लगेच वर, नव्या लोंढ्याच्या तळाशी, कधीकधी बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसतात. वायूचे बुडबुडे रसातून वर चढताना झालेल्या. त्या बऱ्याचदा सरळ नसतात, वरचं टोक एका बाजूला झुकलेलं असतं. रस त्या बाजूला वाहत होता.

पाबेघाट

पाबे घाटात वळणावर तांबडी पट्टी आहे, मला पक्कं आठवतंय. दर वेळी तिच्यावरून गेलोय. रविवारी सकाळी सहाला निघतोय. भाची होकायंत्र मागतेय.